कुसुमताईंचे तापलेले पुंजके

कुसुमताईंनी पहिल्याच भेटीत माझा चहा गार केला.

घनसावंगीच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायला मी रुजू झाले, तो माझा पहिला दिवस. जालन्याहून दोन बस बदलून आले होते, डोकं ठणकत होतं. स्टाफरूममध्ये चहा आला. मी कपाला हात लावणार, तोच समोरच्या बाई म्हणाल्या, "थांबा जरा. पिऊ नका."

मला वाटलं, माशी पडली. बाईंनी माझ्या कपावर बशी झाकली, स्वतःचा कप उघडाच ठेवला, मनगटाच्या आतल्या बाजूला बांधलेल्या घड्याळात पाहिलं आणि विचारलं, "सांगा बरं, कोणता आधी गार होईल?"

"उघडा."

"ते तर कोणी बी सांगेल. किती आधी?"

मग आम्ही दोघी त्या कपांकडे पाहत बसलो. मधूनमधून त्या उलट्या हातानं कपाला स्पर्श करायच्या, आजारी मुलाचं कपाळ पाहावं तसा. शेवटी त्यांचं समाधान झालं. "बराबर," असं स्वतःशीच म्हणून त्यांनी आपला थंडगार चहा एका घोटात संपवला आणि मग ओळख करून दिली. "मी कुसुम तौर. फिजिक्स. माझ्या शेजारच्या खोलीत राह्यला येणार म्हणं तुम्ही."

पुढची आठ वर्षं मी त्या शेजारच्या खोलीत राहिले. आठच दिवसांत 'तुम्ही'चं 'तू' झालं. मी मात्र त्यांना ताईच म्हणत राहिले, कारण त्या माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी मोठ्या होत्या आणि दिसायला त्याहून मोठ्या वाटायच्या. उंच, काटक बांधा, सुती साडी, पदर कमरेला खोचलेला. चष्म्याच्या डबीत चष्मा नसायचा, थर्मामीटर असायचा. भाजीवाली, ड्रायव्हर, प्राचार्य, कुणीही काहीही सांगितलं की त्या "कशावरून?" विचारायच्या. नव्या माणसाला तो अपमान वाटे. पण त्या विचारताना इतक्या उत्सुकतेनं पुढं झुकायच्या, की रागावलेला माणूसही खरंच आपल्याला हे कशावरून कळलं याचा विचार करू लागायचा. एकदा आम्ही मुलांची सहल घेऊन अंकुशनगरला साखर कारखाना पाहायला गेलो. मुलं सगळा कारखाना हिंडून बाहेर येऊन बसली, तरी ताई आतच. रस उकळणाऱ्या कढईपाशी एक म्हातारा कामगार बोटांत पाकाची तार ओढून दाखवत होता आणि ताई त्याला विचारत होत्या, "पण काका, आता काढायचा हे तुमच्या बोटाला कसं कळतं?" काका म्हणाले, "बाई, तीस वर्षं झाली, मला कोणी इचारलंच न्हाई." मुलं ओरडत होती, बसवाला हॉर्न वाजवत होता. ताई तो पाक बोटावर घेऊन बसमध्ये चढल्या.

कॉलेजात अशी कुजबुज होती की तौर मॅडमनी एका मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत पाच वर्षं संशोधन केलं, पण पीएच.डी. काही झाली नाही, तिथून निघावं लागलं. का, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मीच एका संध्याकाळी ओट्यावर शेंगा सोलता सोलता विचारलं, "ताई, तुम्ही तिथं नेमकं काय करत होतात?"

"तापलेले रेणू गार कसे होतात, ते पाहत होते."

मला हसू आलं. "त्यात काय पाहायचं? ठेवले की होतात."

"कशात ठेवले की?"

"हवेत."

"आन हवाच नसली तर?"

ताईंनी एक शेंगदाणा माझ्या तळहातावर ठेवला. "गरम होणं सोपं हाय, माधुरी. गार व्हायला कोणीतरी लागतं. चहाला हवा लागती, बशी लागती. पण समज, कार्बनचे वीस-पंचवीस अणू एकमेकांना धरून बसलेत. एवढासा पुंजका. त्याला लेझरनं तापवला आन निर्वात नळीत सोडून दिला. आजूबाजूला कोणी न्हाई. मंग त्यानं काय करावं?"

मग त्यांनीच सांगितलं, त्याच्यापुढं तीन वाटा असतात. एक तर तो आपला एखादा इलेक्ट्रॉन फेकून देतो. किंवा आपलाच एक तुकडा तोडून टाकतो. माठातलं पाणी थोडं उडून जातं आणि उरलेलं गार होतं, तसं. नाहीतर तो उजेड टाकतो, डोळ्यांना न दिसणारा. "माठातून चार थेंब गेले तर माठाला काय फरक पडतो? पण ह्याच्याकडं हायेतच वीस. तुकडा गेला की तो पहिला राह्यलाच न्हाई, दुसराच कोणी झाला. मंग तो तुटतो का उजेड देऊन वाचतो, हे मला पाह्यचं होतं."

"मग पाहिलं का?"

"वाटलं होतं, पाह्यलं," ताई म्हणाल्या आणि सोललेल्या शेंगांची टोपली घेऊन आत गेल्या.

पुढची थोडी गोष्ट मला त्यांच्या वडिलांकडून कळली. अण्णा महिन्या-दोन महिन्यांनी आष्टीहून यायचे. खांद्यावर ज्वारीचं पोतं, पिशवीत वांगी. शेतकरी माणूस, बोलणं थोडं. एकदा ताई कॉलेजात होत्या आणि अण्णा माझ्या खोलीत पाणी प्यायला बसले होते. मी भीत भीत विषय काढला.

"तार आली," अण्णा म्हणाले. "'न्यायला या' एवढंच. म्या गेल्तो. पोरगी पेटीवर बसून रडून राह्यलती. म्या इचारलं, चोरी केली का? न्हाई म्हणली. खोटं बोलली का? तर म्हणली, 'न्हाई अण्णा, खोटं बोलले न्हाई म्हणून तर झालं.' म्या म्हणलं, मंग रडती कशाला? पेटी उचल." पाणी पिऊन त्यांनी तांब्या पालथा घातला. "घरी येऊस्तोवर मातर म्या एक शब्द बोललो न्हाई. मला कळतच नव्हतं ना, काय झालं ते. आजून बी पुरतं कळत न्हाई. पर पोरगी खोटी न्हाई, येवढं कळतं."

ते 'काय झालं' ताईंनी स्वतः सांगितलं ते आणखी वर्षभरानं, आणि तेही लाह्यांमुळं.

नागपंचमीच्या आदल्या दिवशी ताईंनी बी.एस्सी.च्या वर्गासाठी प्रयोगशाळेत स्टोव्ह पेटवला, त्यावर लोखंडी कढई ठेवली आणि मूठ मूठ ज्वारी टाकली. लाह्या तडतडायला लागल्या तशी त्यांनी कढई खाली उतरवून ठेवली. "आता मोजा. दर दहा सेकंदाला किती आवाज येतात?"

मुलांनी मोजलं. आधी मोजता येईनात इतके, मग वीस, मग नऊ, मग चार, मग एखाददुसरा. मग शांत.

ताईंनी फळ्यावर आकडे मांडले. "सगळे दाणे एकसारखे तापलेले नसतात. जो सगळ्यात तापलेला, तो आधी फुटतो. मंग त्याच्याहून कमी. म्हणून आवाज हळूहळू विरळ होत जातात, पण चालू राहतात. मंग एकदम थांबतात. का?"

"दाणे संपले," एक मुलगी म्हणाली.

"कढईत बघ. कितीतरी हायेत."

"गार झाले," दुसरी म्हणाली.

"हां! फुटायच्या आधी त्यांची उष्णता निघून गेली. आपल्याला ती जाताना दिसली न्हाई. पण आवाज थांबला, म्हणून कळलं की गेली." हे सांगताना त्यांचा चेहरा खुलला होता. मी दारात उभी होते. हे लाह्यांबद्दल नाही, हे मला कळत होतं.

आमच्या प्रयोगशाळेचे अटेंडंट रशीदमामू. पन्नाशीचे, दाढी पांढरी, कुठलीही काचेची नळी एका फुंकरीत साफ करणारे. ते कोपऱ्यात उभे राहून मोजत होते. ते म्हणाले, "मॅडम, दाने कम डालो ना. इत्ते शोर में आखरी के दो-चार किसको सुनाई देंगे? शांत झालं म्हणता तुम्ही, पर कान बी तो थक जाता."

ताईंच्या हातातला खडू तसाच राहिला. मग म्हणाल्या, "टाका. तुम्हीच टाका, मामू."

मामूंनी चिमूटभर दाणे टाकले. या वेळी शेवटचे एकुलते एक आवाजही स्पष्ट ऐकू आले. शांतता आली, पण आधीपेक्षा उशिरा. मामूंनी आणखी कमी दाणे टाकले. मग आणखी कमी. मुलं कंटाळून लाह्या खायला लागली, ताई मात्र घड्याळ आणि फळा यांच्यामध्ये येरझारा घालत होत्या. कितीही कमी दाणे घेतले तरी शांतता आता त्याहून पुढं सरकेना. ती एका जागी येऊन थांबली होती.

"शांतता हाये," ताई पुटपुटल्या. "कान थकला होता, पण शांतता बी हाये."

त्या दिवशी घरी येताच त्यांनी खाटेखालची पत्र्याची पेटी ओढली. तीच ती, अण्णांनी उचलायला सांगितलेली. तिच्यात जुन्या वह्या होत्या. वह्या पसरता पसरता त्यांनी मला सगळं सांगितलं.

त्या प्रयोगशाळेत त्या तापलेले पुंजके नळीत सोडायच्या आणि ते फुटताना डिटेक्टरनं मोजायच्या. लाह्यांसारखंच. आधी भडिमार, मग विरळ, मग शांत. ही शांतता अपेक्षेपेक्षा फारच लवकर येत होती, म्हणजे पुंजके फुटण्याआधीच उजेड देऊन गार होत होते, आणि तेही फार झपाट्यानं. मार्गदर्शक सर खूश झाले, लेख लिहून पाठवूनही दिला. आणि मग ताईंच्या लक्षात आलं, की ज्या दिवशी यंत्र कमी जोरात चाललं, पुंजके कमी निघाले, त्या दिवशी शांतता उशिरा आली होती. म्हणजे पुंजके गार होत नव्हते, पहिल्या भडिमारानं डिटेक्टरच बधिर होत होता. त्यांनी सरांना सांगितलं. पुन्हा मोजायला दोन महिने मागितले. सर म्हणाले, "पाच वर्षं झाली. आता तुला शंका येते?" ताई म्हणाल्या, "मंग माझं नाव तरी काढा, सर." तिसऱ्या दिवशी सरांनी अख्खा लेखच मागं घेतला आणि ताईंशी बोलणं बंद केलं. शिष्यवृत्तीची मुदत संपली. वाढवून मागायला सरांची सही लागायची. ती मागायला ताई गेल्या नाहीत.

"मला वाटलं, सगळंच खोटं होतं," ताई म्हणाल्या. "म्हणून या वह्या कधी उघडल्याच न्हाईत."

आता त्यांनी नेमके तेच दिवस शोधून काढले, ज्या दिवशी यंत्र बिघडलं होतं. समासात त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं: 'आज लेझर ठीक नाही. दिवस वाया.' असे तीन दिवस सापडले. तिन्ही दिवशी आकडे अगदी थोडे होते. पण तिन्ही दिवशी शांतता एकाच जागी आली होती.

मी त्यांच्याकडे पाहिलं. वाटलं, रडतील. त्या हसत होत्या. "बघ माधुरी, वाया गेलेले दिवसच खरे निघाले."

तीन दिवसांच्या आकड्यांवर काही सिद्ध होत नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. त्यांनी प्रयोगशाळेला पत्र लिहिलं. पत्र माझ्या देखत चार वेळा फाडून पाचव्यांदा लिहिलं. 'माझ्या जुन्या कामात चूक होती, ती मी त्या वेळी सांगितली होती. आता त्या चुकीतही थोडं खरं होतं असं दिसतं, ते तपासू द्याल का?' एवढाच मजकूर. सहा महिने उत्तर नाही. स्टाफरूममध्ये कुणीतरी म्हणालं, मॅडमना अजून मोठ्या शहराची हौस आहे. ताईंनी पुढं झुकून विचारलं, "कशावरून?" आणि तो बिचारा गडबडला.

मग उत्तर आलं. जुने सर निवृत्त झाले होते. त्यांच्या जागी आलेल्या तरुण बाईंनी लिहिलं होतं: 'उन्हाळ्याच्या सुट्टीत यंत्र रिकामं असतं. या.'

ताई चार उन्हाळे गेल्या. आपण सगळे सुट्टीत घरी जातो, पापड-कुरडया करतो. त्या तिथं बसून पुंजके मोजायच्या. कमी पुंजके, पुन्हा पुन्हा, हजारदा. बाकीचे सगळे जास्त पुंजके कसे मिळतील याच्या मागं, आणि या एकट्या कमी करत बसलेल्या. जूनमध्ये परत आल्या की पहिल्यांदा प्रयोगशाळेत जाऊन रशीदमामूंना सांगायच्या, "मामू, औंदा आणखी कमी केले." मामू मान डोलवायचे, "बिलकुल. जल्दी का काम नहीं ये."

चौथ्या उन्हाळ्यानंतर त्यांना हवं ते मिळालं. शांतता खरी होती. पुंजके उजेड देऊन गार होत होते. पहिल्या लेखात म्हटलं होतं तितक्या झपाट्यानं नव्हे, पण होत होते. त्यावर त्यांनी प्रबंध लिहिला, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी.

प्रबंधाच्या जाहीर मुलाखतीला अण्णा, रशीदमामू आणि मी असे तिघं गेलो. माझं तोवर लग्न होऊन मी जालन्याला आले होते. वातानुकूलित खोलीत अण्णा फेटा मांडीवर घेऊन बसले होते. परीक्षकांनी तासभर विचारलं. ताईंनी सगळ्याला सरळ उत्तरं दिली, दोन ठिकाणी "हे मला माहीत नाही" असंही सांगितलं. मग अध्यक्षांनी रीतीप्रमाणं विचारलं, सभागृहात कुणाला काही विचारायचं आहे का? अण्णांनी हात वर केला.

"त्यो उजेड निघतो म्हणली तू," अण्णा म्हणाले, "मंग त्यो जातो कुठं?"

कुणी हसलं नाही. ताई दोन पावलं पुढं आल्या. "जात राहतो अण्णा. वाटेत कोणी भेटलं तर त्याला तापवतो. न्हाई भेटलं, तर जातच राहतो."

"बरं," अण्णा म्हणाले आणि खाली बसले. एका परीक्षकांनी कागदावर काहीतरी लिहून घेतलं.

बाहेर व्हरांड्यात पेढे वाटणं चालू असताना काठी टेकत एक वृद्ध गृहस्थ आले. ताईंचा चेहरा पाहून मी ओळखलं, हेच ते सर. ते मागच्या रांगेत बसून सगळं ऐकत होते, हे आम्हाला कुणालाच कळलं नव्हतं.

"कुसुम," ते म्हणाले, "तू दोन महिने मागितले होतेस. मी द्यायला हवे होते."

ताई 'जाऊ द्या सर' म्हणतील असं मला वाटलं. मी असते तर म्हटलं असतं.

"हो सर," ताई म्हणाल्या. "द्यायला पाह्यजे होते." मग थोडं थांबून, "पण लेख तुम्ही मागं घेतला. माझं नुसतं नाव काढून बी भागलं असतं तुमचं. ते मी विसरले न्हाई."

सरांनी चष्मा काढून पुसला. ताईंनी अण्णांना हाक मारली आणि म्हणाल्या, "अण्णा, हे माझे सर." अण्णांनी एकदा लेकीकडं पाहिलं, मग त्या माणसाकडं, आणि पेढ्याचा खोका पुढं केला.

सगळ्यांना वाटलं, आता ताई शहरात जातील. बोलावणंही आलं होतं. त्या गेल्या नाहीत. उन्हाळ्यात जात राहिल्या, बाकी वर्षभर घनसावंगीतच शिकवत राहिल्या. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, "तिथं सगळ्यांना सगळं माहीत असतं गं. इथं पोरं अजून विचारतात." प्रबंधाच्या पहिल्या पानावर आभारांत तीन नावं होती: त्या तरुण शास्त्रज्ञ बाई, जुने सर आणि शेख रशीद. मामूंनी त्या पानाची झेरॉक्स काढून घरी भिंतीवर लावली.

त्यानंतर काही वर्षांनी, दिवाळीच्या तोंडावर, आठ दिवसांच्या आजारात ताई गेल्या. मला कळलं तेव्हा तेरावंही होऊन गेलं होतं.

त्याच वर्षीच्या मार्चमध्ये मी त्यांना शेवटचं पाहिलं होतं. परीक्षेच्या कामासाठी मी बसनं परतूरकडे निघाले होते. वाटेत आष्टीजवळ रस्त्याचं काम चालू होतं, म्हणून बस थांबली. खिडकीतून पाहते तो रस्त्याच्या कडेला, डांबराच्या पिंपाजवळ, कुसुमताई. चांगली इस्त्रीची साडी नेसलेल्या, कुठल्यातरी लग्नाला निघाल्या असाव्यात. पदर कमरेला खोचून त्या नुकत्याच ओतलेल्या डांबराजवळ उकिडव्या बसल्या होत्या. शेजारी मुकादम, डोक्याला टॉवेल बांधलेला, दोन्ही हात हलवून काहीतरी समजावत होता. चार बाया पाट्या खाली ठेवून ऐकत उभ्या होत्या. त्याचं बोलणं संपलं की ताई काहीतरी विचारायच्या, तो क्षणभर डोकं खाजवायचा आणि पुन्हा नव्यानं सांगायला लागायचा.

मी खिडकीची काच वाजवली. "ताई!"

त्यांनी वर पाहिलं. मला ओळखलं, आणि त्यांचं सगळं तोंड हसलं. एका हातानं डांबराकडं बोट दाखवत दुसऱ्या हातानं त्या मला बोलवायला लागल्या. "उतर! उतर लवकर! हे बघ काय सांगून राह्यलेत हे!"

मी घड्याळात पाहिलं. पेपर अकराचा होता. मी हातानंच खूण केली, नंतर येते. कंडक्टरनं डबल बेल दिली. बस निघाली तेव्हा त्या पुन्हा खाली वाकल्या होत्या.